एक चमचा शहाजिरं

शुक्रवारी सकाळी ऑरिन नासलेल्या दुधाची कॉफी प्यायला आणि ‘छान झालीय’ म्हणाला. मला कळलं ते कप विसळताना. तळाशी पांढरे कण चिकटले होते. बोट लावून जिभेवर ठेवलं तर आंबटाने जबडाच आखडला. वळून पाहिलं. तो खिडकीशी उभा होता, नेहमीसारखा हात मागे बांधून, उतारावरच्या छपरांवरून खाली बंदराकडे बघत. सरोवरावरून धुकं आलं होतं. जहाजांसाठी वर उचलला जाणारा पूल दिसत नव्हता, नुसता त्याचा भोंगा ऐकू येत होता. कपभर नासकं दूध पोटात घालून माझा नवरा शांतपणे जहाजाची वाट बघत होता. दुधाचं काही नाही, पोट बिघडलं तर बिघडेल. मी हादरले ते त्याच्या ‘छान’ने. नऊ महिने मी जे रांधून वाढलं ते सगळं छान होतं. रोस्ट छान, सूप छान, करपलेला टोस्ट छान. मी वेडी, प्रत्येक ‘छान’ उचलून मनाशी ठेवत होते, की आज थोडं लागलं असेल, आज थोडं कळलं असेल. आणि तो नुसती सभ्यता पाळत होता. मी कप परत एकदा विसळला, मग दुधाची बाटली मोरीत उपडी केली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

फेब्रुवारीत त्याला ताप आला. पाच दिवसांत उतरला आणि जाताना त्याचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक आहे, चांगलं लांब आहे, टोलेफ्सन घराण्याचं. वास गेला, आणि वासाबरोबर चव. मीठ कळतं, साखर कळते, बाकी सगळं त्याच्या भाषेत ओला पुठ्ठा. डॉक्टरीण म्हणाली, वर्षभरात परत येईल, किंवा येणार नाही. एवढं तर मीही सांगितलं असतं. दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर गेला असता, पण ऑरिनने छत्तीस वर्षं बंदरावर धान्य तपासलं होतं. डाकोटातून गव्हाने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी यायच्या, आणि गहू जहाजात चढण्याआधी त्यातला मूठभर याच्या नाकाखालून जायचा. पत्र्याच्या पसरट ताटलीत दाणे घ्यायचे, आरशावर सोडतात तशी तोंड उघडून त्यावर सावकाश ऊब सोडायची आणि लगेच नाकाने आत ओढायची. ऊब मिळाली की दाणा बोलतो, असं तो म्हणायचा. बुरसा, धूर, उंदीर, आंबूस. ओलाव्याला यंत्र होतं, वजनाला यंत्र होतं, वासाला ऑरिन होता. लग्नाआधी मला पहिल्यांदा धक्क्यावर फिरायला नेलं तेव्हा त्याने माझं मनगट हातात घेतलं आणि त्यावर अशीच ऊब सोडली. मी म्हटलं, ‘हे काय चाललंय?’ ‘तपासतोय.’ ‘मग? पास का?’ तो डोळे मिटून म्हणाला, ‘साबण. पेन्सिल. थोडी भीती.’ मी तेव्हा शाळेच्या कचेरीत होते, पेन्सिल खरी होती. भीतीही खरी होती. त्या एका वाक्यावर मी त्याच्याशी लग्न केलं, असं मी ब्रिटाला, आमच्या मुलीला, सांगते, आणि ती म्हणते, आई, तू अगदीच स्वस्तात गेलीस.

डॉक्टरणीने चार लहान बाटल्या दिल्या होत्या. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची आणि मनात त्या त्या वस्तूची आठवण काढायची. जुलैपर्यंत त्याने नेमाने केलं. मग बाटल्या न्हाणीघरातल्या फळीवर तशाच राहिल्या, मी दर शनिवारी त्यांच्यावरची धूळ पुसते. मे महिन्यात एकदा गाडीत, सिग्नलला थांबलो असताना, तो समोर बघत म्हणाला, ‘आर्डिस, तू शेजारी बसलीयस हे मला बघावं लागतं.’ मला आधी अर्थच लागेना. ‘पूर्वी बघावं लागत नव्हतं,’ तो म्हणाला. दिवा हिरवा झाला आणि आम्ही पुढे गेलो. आमच्याकडे नवरा-बायकोत एवढं बोलणं म्हणजे फार झालं. घरी आल्यावर मी जिन्यात बसून रडले, आणि त्याच्या आवडीचं करायला सुरुवात केली. मी रोस्ट करायची, ब्रिटा खिम्याचे रश्श्यातले गोळे करून आणायची, शेजारीण ॲपल पाय पाठवायची. त्याने कशालाच नको म्हटलं नाही. जन्मभर बटाटा कमी शिजला म्हणून, मिरी जास्त झाली म्हणून कुरकुरणारा माणूस, ताट पुसून खायचा आणि रुमाल घडी करून ठेवायचा. लाड करून करून आम्ही त्याला स्वतःच्या घरात पाहुणा करून टाकलं होतं. 

तर शुक्रवारी दुपारी, त्या नासक्या कॉफीनंतर, फ्रिजच्या दारावर लावलेलं व्हर्नाचं कार्ड मला दिसलं. व्हर्ना चर्चमधली माझी मैत्रीण, माझ्या पुढच्या बाकावर बसते आणि तिला सगळ्या गोष्टींबद्दल मत असतं. ऑक्टोबरात तिने हे कार्ड माझ्या पर्समध्ये कोंबलं होतं: ‘स्लो कुकरमध्ये तेच ते रोस्ट किती वर्षं करशील गं, जरा नवीन काहीतरी लाव.’ डुकराच्या खांद्याचं मांस, आंबवलेला कोबी, दोन सफरचंदं, कांदा, थोडी साखर, विजेच्या त्या भांड्यात लो वर, म्हणजे मंद आचेवर, दहा तास. आणि शेवटच्या ओळीत, एक चमचा शहाजिरं. मी कार्ड लावताना ती ओळ वाचली होती आणि मनातल्या मनात खोडलीही होती. कारण चौतीस वर्षांत माझ्या घरात शहाजिऱ्याचा एक दाणा आलेला नाही.

ऑरिन सात वर्षांचा असताना त्याची आई आजारी पडली आणि त्याला एका हिवाळ्यापुरतं आजीच्या शेतावर ठेवलं. आजी राईचा पाव भाजायची, दगडासारखा, आणि त्यात मूठमूठ शहाजिरं. तुकडा संपेपर्यंत टेबलावरून उठायचं नाही. ऑरिन पाव चावल्यासारखं करायचा आणि आजीची पाठ वळली की तुकडे कोटाच्या खिशात घालायचा. वसंतात कोट धुवायला काढला तेव्हा खिशात सगळा भुगा, आणि कोटाला तो वास असा मुरलेला की धुऊन जाईना. तोच कोट त्याला पुढची दोन वर्षं घालावा लागला. आईही त्या हिवाळ्यानंतर पहिल्यासारखी झाली नाही, पण ते तो कधी बोलत नाही, तो शहाजिऱ्याबद्दलच बोलतो. चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण असलं की भिंतीशी ओळीने वीस-वीस स्लो कुकर लागतात, प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी आणि बाईचं नाव. निम्म्या वेळा फ्यूज उडतो. ऑरिन शेवटच्या पायरीवर थांबायचा, नाक वर करायचा आणि म्हणायचा, ‘कुणीतरी घातलंय.’ मग सरळ मागे फिरून बाहेर गाडीत जाऊन बसायचा. मी कागदी ताटलीत हॅमचं सँडविच घेऊन पार्किंगमध्ये जायची. बायका हसायच्या. मला तेव्हा त्याची लाज वाटायची, आणि आता शुक्रवारी दुपारी त्या कार्डासमोर उभं राहिल्यावर वाटलं, तो नाक मुरडणारा हट्टी माणूस मला परत हवाय, अगदी गाडीत जाऊन बसणारा.

लाडाने जे आलं नाही ते चिडीने येईल का, एवढंच मला बघायचं होतं. खरं सांगते, त्यात प्रेम किती आणि राग किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नऊ महिन्यांच्या ‘छान’चा राग होता. पण भीती त्याहून मोठी होती. त्याने शहाजिरं खाल्लं, ताट पुसलं आणि ‘छान’ म्हणाला, तर मला कळणार होतं की आता गेला. वास नव्हे, ऑरिन. ते कळून घ्यायची मला घाई का झाली होती, देव जाणे. शनिवारी मी दुकानात गेले आणि शहाजिऱ्याची लहान बाटली आंबवलेल्या कोबीच्या पिशव्यांखाली लपवून घरी आणली, जशी काही मी दारूच आणत होते.

रविवारी सकाळी सातला, तो वर दाढी करत होता तेव्हा, मी शहाजिरं कागदी पिशवीत घालून लाटण्याने बारीक कुटलं. दाणे दिसले असते तर त्याने डोळ्यांनी ओळखलं असतं; मला नाकाची साक्ष हवी होती. ती पूड मी हातांनी मांसाला चोळली, सगळीकडून, बाळाला तेल लावावं तशी. मग भांड्यात तळाशी कांदा, त्यावर मांस, कोबी, सफरचंदाच्या फोडी. भांडं माझ्या लग्नातलं आहे, मातकट पिवळं, मावशीने दिलेलं. खाली चिकटपट्टीवर माझंच सत्ताविसाव्या वर्षीचं अक्षर आहे, शाई पसरलेली: आ. टोलेफ्सन. ही मुलगी कोण होती, जी आपलं नवीन नाव भांड्याखाली लिहून ते कधी हरवणार नाही असं समजली, असं मला ते धुताना दरवेळी वाटतं. काचेचं झाकण लावलं, बटण लो वर फिरवलं. आता पाचपर्यंत ते उघडायचं नाही. हे आमच्याकडे लहान मुलींनाही माहीत असतं. एकदा झाकण उचललं की आतली ऊब निघून जाते आणि जेवण अर्ध्या तासाने पुढे जातं. मी हात दोनदा साबणाने धुतले. वास गेला नाही.

चर्चमध्ये स्तोत्राचं पुस्तक आम्ही दोघांत एक धरतो. माझी बोटं त्याच्या नाकाखाली वीतभर अंतरावर होती, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. मला स्वतःला दुसरं काही सुचत नव्हतं इतका तो वास येत होता, गोडसर, औषधी, जुन्या कपाटासारखा. ऑरिन गात होता. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, बरा आहे. मी त्याच्याकडे तिरकं बघत राहिले आणि एक ओळ चुकले. नंतर खाली कॉफीला व्हर्नाने मला गाठलंच. ‘काय गं, लावलंस का एकदा तरी ते?’

‘आज लावलंय.’

‘शहाजिरं गाळलंच असशील.’

‘घातलंय.’

व्हर्नाने कप खाली ठेवला. ‘ऑरिनला माहितीय?’

‘नाही.’

‘अगं बाई! मग मी प्रार्थना करू, की रुग्णवाहिकेला सांगून ठेवू?’

‘प्रार्थनाच कर,’ मी म्हटलं. हसायला गेले ते जमलं नाही, तेव्हा तिने माझा दंड धरला आणि पहिल्यांदाच काही मत दिलं नाही.

साडेबाराला घरी आलो. दार उघडलं आणि आतून वास आमच्यावर आला, उबदार, ओला, मोठा. मी दारातच थबकले. ऑरिनने बूट काढले, ओळीत ठेवले, कोट खुंटीला लावला. मी श्वास धरून होते. ‘धुकं काही उठत नाही आज,’ तो म्हणाला आणि वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसला. बस. एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन झाकणाकडे बघत राहिले. आतल्या बाजूने थेंब जमत होते, काचेवरून घरंगळत कडेला जात होते, परत जमत होते. मांस बुडबुडत नव्हतं, नुसतं अधूनमधून सुस्कारा टाकत होतं. मंद शिजणाऱ्या पदार्थाची हीच गंमत आहे, काही घडतंय असं कधी दिसत नाही. खिडक्यांवर वाफ धरली. बाहेर धुकं, आत वाफ, मध्ये काच. दुपार कुठे सुरू झाली आणि कुठवर आली याचा पत्ता लागेना. मी कोचावर आडवी झाले, आणि वास माझ्यावरून हलकेच सरकत राहिला. अर्धवट झोपेत मला एक लहान मुलगा दिसला, गुडघ्यापर्यंत बर्फात, अंगात मोठा कोट, दोन्ही हात खिशात. तो खिशातून एकेक दाणा काढून बर्फावर टाकत चालला होता, परत येण्याची वाट सापडावी म्हणून. मी त्याला हाक मारत होते, पण माझ्याकडे नाव नव्हतं, ते भांड्याखाली चिकटवलेलं होतं. मग तो मुलगा थांबला आणि वळून म्हणाला, ‘छान आहे.’ मी दचकून जागी झाले. तीन वाजले होते.

ऑरिन खुर्चीत नव्हता. तो वर गेला, खाली आला, तळघरात उतरला, परत आला. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला, आत आला नाही. चेहरा उतरलेला होता. ‘काय झालं?’ मी विचारलं. ‘डोकं जड झालंय. जरा गॅरेजमधून येतो.’ मी खिडकीवरची वाफ हाताने पुसली. गॅरेजचं दार उघडं होतं आणि तो गाडीत बसला होता. गाडी चालू केली नव्हती. दोन्ही हात चाकावर, नजर समोर, जणू सिग्नलला थांबलाय. दहा मिनिटांनी उतरला, घराच्या दारापर्यंत आला, आत पाऊल टाकलं, आणि पुन्हा जाऊन गाडीत बसला. असं एकट्याने बसून राहणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, आमच्या गावात हिवाळे लांब असतात. मला वाटलं, आपण काय मांडून बसलोय हे. आजारी माणसाच्या ताटात त्याच्या लहानपणीचा छळ वाढून त्याची परीक्षा घेणारी मी कोण? सगळं मोरीत ओतावं आणि अंडी उकडावी. मी झाकणाच्या मुठीला हात लावला. गरम होती. चौतीस वर्षांची सवय आड आली, का भीती आड आली, ठाऊक नाही. झाकण उचललं नाही.

साडेचारला ब्रिटा आली, मारेनला घेऊन. मारेन आमची नात, सहा वर्षांची. जावयाची कागदाच्या कारखान्यात रविवारची पाळी होती. ब्रिटाने दारात टोपी काढली आणि तशीच उभी राहिली. मग बूट न काढताच स्वयंपाकघरात आली आणि दार लावून घेतलं. ‘आई, हा वास कसला?’

‘नवीन प्रकार आहे. व्हर्नाचा.’

‘आई. शहाजिरं घातलंयस तू.’

‘एक चमचा.’

‘बाबाला? त्याला कळत नाही म्हणून?’

‘कळतं का ते बघायला.’

‘आणि नाही कळलं तर? तो बिचारा खाणार आणि आपण दोघी त्याच्या तोंडाकडे बघत बसणार? कसं सुचतं गं तुला असलं?’ तिचा आवाज चढला, मग तिने तो खाली आणला. ‘हे फार वाईट आहे आई.’

‘माहितीय मला,’ मी म्हटलं. ‘पण मला आता त्याच्या तोंडून छान ऐकवत नाही गं. रोज ऐकते मी ते. दिवसातून तीनदा. त्यापेक्षा तो माझ्यावर ताट फेकू दे.’ ब्रिटाने कपाटातून ताटल्या काढल्या आणि नेहमीपेक्षा जोरात मांडल्या.

पाचला बसलो. बाहेर काळोख झाला होता. ऑरिन हात धुऊन आला, मारेनच्या डोक्यावर टपली मारली, खुर्ची ओढली. मारेनने प्रार्थना एका दमात संपवली. मी झाकण उचललं. वाफेचा लोट उठला आणि क्षणभर मला कुणाचाच चेहरा दिसेना. मांस इतकं मऊ झालं होतं की चमच्यानेच सुटलं, कोबी सोनेरी, सफरचंदं विरून गेलेली. शहाजिरं कुठेही दिसत नव्हतं. मी त्याच्या ताटलीत वाढलं. ब्रिटा पाण्याच्या पेल्याकडे बघत होती. मारेन जेवायला लागली होती. ऑरिनने काटा भरला, वर नेला, आणि ओठांपासून चार बोटांवर थांबवला.

‘आजोबा, गार होतंय तुमचं,’ मारेन म्हणाली.

त्याने तोंड उघडलं, पण घास घेतला नाही. त्यावर सावकाश ऊब सोडली. लगेच नाकाने आत ओढली. डोळे मिटले. पुन्हा एकदा, ऊब आणि श्वास. दोन वर्षं झाली त्याला निवृत्त होऊन, त्यानंतर हे मी पाहिलं नव्हतं. माझा हात टेबलाखाली ब्रिटाच्या हाताला लागला आणि तिने तो घट्ट धरला.

‘आर्डिस.’

‘अं?’

‘यात शहाजिरं आहे.’

त्याने काटा खाली ठेवला. ‘मला वाटलं माझं डोकं फिरलं,’ तो म्हणाला. ‘दुपारपासून. म्हटलं, आजीचा कोट आला कुठून घरात. वर जाऊन बघितलं, तळघरात बघितलं. गाडीत जाऊन बसलो, तर नाही. आत आलो, तर आहे. परत गेलो, नाही. परत आलो, आहे.’

‘मग बोलला का नाहीस?’ मी ओरडलेच. ‘मी मेले ना इथे खिडकीत!’

‘आणि खरं नसतं तर?’ त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. ‘तुला सांगितलं असतं आणि खरं नसतं तर, आर्डिस?’

ब्रिटा रडायला लागली होती आणि मारेन तिला विचारत होती की काय झालं, तिखट लागलं का. ऑरिनने ताटली बोटाने पुढे सरकवली. ‘मी हे खाणार नाही.’

‘नको खाऊस.’

‘चौतीस वर्षांत कधी नाही, आणि आज घातलंस?’

‘आज घातलं.’

‘भयंकर आहे हे,’ तो म्हणाला. आमच्या गावात पदार्थ घशाखाली उतरत नसला तरी पाहुणा फार तर ‘वेगळं लागतं’ म्हणतो. भयंकर फक्त घरचा माणूस म्हणतो. मी उठले, दोन पावांच्या मध्ये हॅम आणि चीज घातलं, वाटलेली मोहरी लावली, आणि सवयीने कागदी ताटलीतच वाढलं. मला नीट दिसत नव्हतं. ताटली त्याच्यापुढे ठेवायला गेले तेव्हा त्याने माझं मनगट पकडलं. सगळ्यांसमोर. तोंडाजवळ नेलं, त्यावर सावकाश ऊब सोडली आणि श्वास घेतला. मी उभी राहिले. साबण नसेल, पेन्सिल तर कधीच गेली. भीती होती.

‘काही येतंय?’ मी विचारलं.

त्याने डोळे मिटून पुन्हा एकदा श्वास ओढला. मग त्याने तोंड वाकडं केलं.

‘शहाजिरं,’ तो म्हणाला, आणि हात काही सोडला नाही.